रस्त्यावरची एक गाय

रसवंतीमागे उसाच्या वाढ्यांचा, हिरव्या शेंड्यांचा ढीग दिसला की त्या हिरव्या वासानं मला जतचा रस्ता आठवतो. दुष्काळात आम्ही फलटणच्या काही बायका तिथल्या चारा छावणीसाठी वाढ्यांचा ट्रक घेऊन निघालो होतो. छावणीच्या अलीकडे रस्त्याकडेला एक गाय कोसळून पडली होती आणि तिचा म्हातारा मालक टॉवेलनं तिला वारा घालत होता. आम्ही सगळ्या उतरलो. कुणी बाटलीतलं पाणी पाजलं, कुणी तिचे डोळे पुसले, आणि एकीचं बघून दुसरीनं असं करत त्या एका गाईपुढं पेंढ्यांचा डोंगर लागला. मग छावणी आली. वास लागताच शेकडो जनावरांनी एकदम माना वळवल्या, दावी ताणली, आणि ते हंबरणं ऐकून आमच्यातली एकही खाली उतरेना. "वरूनच टाका," कुणीतरी म्हणालं. आम्ही खाली न बघता पेंढ्या ढकलत राहिलो आणि शेवटच्या दावणीपर्यंत पोचण्याआधीच ट्रक रिकामा झाला. तिथं एक बाई म्हशीचं दावं दोन्ही हातांनी धरून उभी होती. "संपलं व्हय?" तिनं विचारलं. "इतकी जनावरं आहेत, कुणाकुणाला पुरणार?" मी जरा चिडूनच म्हणाले. "आवं, माझी एकच हाय," ती म्हणाली. अजूनही फोनवर पुराच्या, दुष्काळाच्या बातमीत गर्दी दिसली की माझं बोट पुढं सरकतं, आणि तेवढ्यात डोळ्यांपुढं ती म्हैस मान वळवते.