आवाज वाढवा, भाऊ

माझी मुलगी तिसरीत होती तेव्हा तिला मेंदूज्वर झाला. जीव वाचला. ज्या सकाळी ती अकोल्याच्या दवाखान्यात पहिल्यांदा उठून बसली, त्या सकाळी तिने मला विचारलं, "मम्मी, तू नुसते ओठ काऊन हालवून राह्यली?"

मी चांगली मोठ्याने बोलत होते. तिचे पप्पा बोलत होते. शेजारच्या खाटेवरचं लेकरू सुई टोचल्यामुळे किंचाळत होतं. तिला वाटलं, आम्ही तिची गंमत करतोय. ती हसली आणि तिनेही आमच्यासारखे नुसते ओठ हलवून दाखवले.

पुढे तपासण्या झाल्या, एका शहरातून दुसऱ्या शहरात. शेवटच्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढलं. आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, तापानंतर तो दोन्ही कानांत हाडाने भरून आलाय, ऐकू येण्याचं यंत्र आत बसवायला जागाच राहिली नाही, असं त्यांनी सांगितलं. "तिला खुणांची भाषा शिकवा. जितकी लवकर शिकवाल तितकं बरं," त्या म्हणाल्या.

तिच्या पप्पांनी विचारलं, "पण मॅडम, लय मोठा आवाज असला तर?"

डॉक्टरीणबाई जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "नाही हो." मी ते 'नाही' ऐकलं. तिच्या पप्पांनी त्याच्या आधीची शांतता तेवढी ऐकली आणि तीच घेऊन ते डोणगावला परत आले.

डोणगावात आमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. लोक मेलेले फोन आणतात, पाण्यात पडलेले, ट्रॅक्टरखाली आलेले, आणि बहुतेक वेळा ते पुन्हा वाजायला लागतात. माझ्या नवऱ्याचं सगळं आयुष्य यातच गेलं. त्यामुळे मुलगी कायमची बहिरी झाली हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. रोज संध्याकाळी ते दुकानातून काहीतरी नवीन घेऊन यायचे. कधी कानात घालायचे इअरफोन, कधी डोक्यावरून घ्यायचे मोठे हेडफोन, तर कधी स्वतः जोडलेलं आवाज वाढवायचं यंत्र. तिला समोर बसवायचे, कानाला लावायचे आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहायचे. ती मान हलवायची. नाही. मग त्यांचा पडलेला चेहरा पाहून कधी कधी म्हणायची, "जरासं आलं पप्पा." तिला काही आलेलं नसायचं. हे मला कळायचं आणि त्यांनाही कळत असणार, पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काहीतरी आणायचे.

एकदा त्यांनी मोठा ब्लूटूथ स्पीकर तिच्या छातीशी धरला आणि पूर्ण आवाजात गाणं लावलं. ती ओरडली, "वाजून राह्यलं! पप्पा, वाजून राह्यलं!" तिचे पप्पा अंगणात धावले. "ऐकू आलं तिले! पोरीले ऐकू आलं!" शेजारपाजारचे जमा झाले. कोणी साखर आणली. सासूबाई देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या.

थोड्या वेळाने ती चित्र काढत बसली तेव्हा मी तोच स्पीकर उचलला, तिच्या पाठीमागे फळीवर ठेवला आणि आवाज पुरता वाढवला. घरातली भांडी थरथरली. ती मान खाली घालून झाडाला हिरवा रंग देत राहिली. तिला आवाज ऐकू आला नव्हता, छातीची थरथर तेवढी जाणवली होती. मी स्पीकर बंद केला. जमलेले लोक एकेक करून निघून गेले, आणि साखर तिथेच वाटीत राहिली.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या सुमारास गावात हवा भरून उभं राहणारं फिरतं थिएटर आलं. बाजाराच्या मैदानात ट्रक उभा राहिला, पंखे सुरू झाले आणि बघता बघता भलामोठा तंबू फुगून उभा राहिला. गावातली सगळी लेकरं भोवती गोळा झाली. सिनेमा एका कुत्र्याचा होता, कार्टूनचा, घरादाराने बसून पाहण्यासारखा. हा सिनेमा शहरांत लागला होता तेव्हा, आजारी पडण्याआधी, आमच्या मुलीने त्याची जाहिरात मोबाईलवर एवढ्या वेळा पाहिली होती की मी वैतागून फोन लपवून ठेवायचे. बाहेर लावलेलं पोस्टर पाहून ती उड्या मारायला लागली.

मला तिला न्यायचं नव्हतं. तिचे पप्पा म्हणाले, "तिथचे स्पीकर पाह्यले का तू? माणसाएवढे हायेत. दुकानात तसं काहीच नाही ना आपल्याजोळ." मग मला कळलं ते कशासाठी निघालेत. खरं सांगायचं तर तीच आशा मलाही होती.

आम्ही सगळ्यांत पुढे, स्पीकरच्या अगदी जवळ बसलो. आत गारवा होता. अख्खं गाव आल्यासारखं वाटत होतं. मागच्या रांगेत सायकल दुरुस्त करणारे चाचा आपल्या नातींना घेऊन बसले होते, त्यांच्या पलीकडे आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताई.

सिनेमातला तपकिरी कुत्रा संत्र्यांच्या ट्रकमध्ये झोपी जातो आणि जागा होतो तो थेट मोठ्या शहरात. मग तो घरी परत यायला निघतो. वाटेत त्याला एक कावळा भेटतो. कुत्रा काही बोलत नाही, पण कावळ्याचं तोंड एक मिनिट बंद नसतं. तो काही बोलला की सगळा तंबू हसून लोटपोट व्हायचा.

हसण्याची लाट आली की आमची मुलगी मागे वळून बघायची. तिला हसणारे चेहरे दिसायचे, मग ती पडद्याकडे पाहायची, पण तिथे पुढचंच काहीतरी चाललेलं असायचं. असं दोन-चार वेळा झाल्यावर तिने युक्ती केली. ती तिरपी बसली, अर्धी पडद्याकडे आणि अर्धी लोकांकडे. लोक हसले की तीही हसायची, जरा उशिरा आणि जरा जास्तच मोठ्याने. कधी कधी सगळे थांबल्यावर तिचं एकटीचंच हसू ऐकू यायचं.

तिचे पप्पा उठले. सगळ्यांत मागे लॅपटॉपवर सिनेमा चालवत बसलेल्या माणसाजवळ गेले आणि म्हणाले, "आवाज वाढवा, भाऊ."

त्याने वाढवला. ते परत येऊन तिच्या तोंडाकडे पाहत बसले. काही नाही. पुन्हा उठले. पुन्हा वाढवला. ट्रकचा हॉर्न वाजला तसं मागचं एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. ते तिसऱ्यांदा गेले तेव्हा लोक चिडले.

"ओ, कमी करा ना बे! कान फुटून राह्यले!"

"लहान लेकरं हायेत इथं, समजते का नाही?"

लॅपटॉपवाल्याने आवाज कमी करायला हात नेला. तिच्या पप्पांनी त्याचं मनगट धरलं. "वाढव म्हणतो ना! वाढव!" त्यांचा आवाज चिरकला. माझ्या नवऱ्याला मी असं कधी पाहिलं नव्हतं. मी धावत जाऊन त्यांचा हात ओढला. मागचे काही जण उठून उभे राहिले. भांडण होणार असं वाटलं.

तेवढ्यात कोणीतरी शेजारच्याच्या कानाला लागलं. मग त्याने पुढच्याला सांगितलं. मोबाईलवाल्याची पोरगी. तीच. समोर बसली आहे ती. माणसं एकेक करून खाली बसली. सायकलवाले चाचा तेवढे उभे होते. ते लॅपटॉपवाल्याला म्हणाले, "बढा दे बेटा. आमच्या कानाले काय होते?"

त्याने आवाज पूर्ण सोडला. तंबूच्या भिंती हलायला लागल्या. कुत्र्याचं भुंकणं हाडांत शिरत होतं. कोणी तक्रार केली नाही. बायकांनी लेकरांचे कान पदराने झाकले, मोठ्यांनी कानांत बोटं घातली, अंगणवाडीच्या ताईंनी तळहात कानांवर दाबले. सगळं गाव कान बंद करून माझ्या मुलीसाठी बसून राहिलं.

आणि नेमकी तेव्हा ती मागे वळली.

तिने पहिली रांग पाहिली, दुसरी पाहिली, मग उभी राहून शेवटपर्यंत पाहिलं. मला जवळ ओढून तिने विचारलं. तिला आपला आवाज किती मोठा झाला आहे हे कळायचं नाही, पण त्या गदारोळात मलाही तो जेमतेम ऐकू आला. "मम्मी, यायले सगळ्यायले काय झालं? यायलेही ऐकू नाही येऊन राह्यलं का?"

मी मान हलवली. नाही, तसं नाही.

"मग कान काऊन झाकले?"

मी स्पीकरकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात जमतील तेवढे फाकवले. एवढा मोठा.

ती स्पीकरकडे पाहत राहिली. मग तिने सगळ्यांसारखे आपले दोन्ही तळहात कानांवर दाबले. काढले. पुन्हा दाबले. पुन्हा काढले. मी तिचा चेहरा पाहत होते, तिचे पप्पाही पाहत होते. तिने हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "बंद केलं तरी तेवढंच हाय."

ती रडली नाही. पुढे वळून बसली. तिचे पप्पा उठून मागे गेले. त्यांनी लॅपटॉपवाल्यासमोर हात जोडले आणि तळहात खाली, खाली असा दाखवला. आवाज कमी झाला. लोकांनी हळूहळू कानांवरचे हात काढले.

शेवटी कुत्रा घरी पोचतो तेव्हा तंबूत सगळीकडून मुसमुस ऐकू येत होती. लेकरं रडली, मोठी माणसंही रडली. लोक सिनेमासाठी रडत होते की आमच्याकडे पाहून, मला माहीत नाही. मुलीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर बायका मोठमोठे ओठ करून तिला विचारू लागल्या, "आ-व-ड-ला का?" ती म्हणाली, "हाव." तिचे पप्पा ट्रकच्या मागे गेले आणि टायरला धरून खाली बसले. त्यांचं रडणं बाजाराच्या मैदानात सगळ्यांना ऐकू गेलं. तीच तेवढी माझा हात धरून पोस्टर बघत उभी होती.

घरी जाताना तिने आम्हाला सगळा सिनेमा सांगितला. "थो कावळा पाह्यला ना? त्याले लय भूक लागली होती. सारखं तोंड उघडून राह्यला होता बिचारा. कोणीच त्याले खायले नाही दिलं." तिचे पप्पा मधेच थांबले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि मान हलवून म्हणाले, "हाव. नाहीच दिलं."

त्या जूनमध्ये आम्ही तिला बुलढाण्याला, बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घातलं. आता ती हातांनी भराभर बोलते, मैत्रिणींशी भांडते, हसते. तोंडाने बोलणं मात्र गळत चाललंय. आधी शब्दांचे शेवट गेले, मग मधली अक्षरं. सुट्टीत घरी आली की मला 'मम्मी' म्हणते, ते आता नुसतं 'म' राहिलंय. मी खुणा शिकतेय, पण माझी बोटं जड आहेत, आणि तिच्या पप्पांना अजून तिच्या हातांकडे धड बघवत नाही.

रविवारी शाळेतून व्हिडिओ कॉल येतो. ती समोर उभी राहून घाईघाईने काहीतरी सांगायला लागते, आणि आमच्या गल्लीत नेटवर्क अडकतं. तिचे हात अर्ध्यावरच थांबतात. मी फोन घेऊन गच्चीवर जाते, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरते. मग चित्र पुन्हा हलतं तोवर तिचं सांगून झालेलं असतं आणि ती माझ्या उत्तराची वाट बघत असते.