सॅमण्णाला मत कोण देणार?

शिंप्याच्या दुकानात चिंध्या आणि किस्से, कितीही झाडा, पुन्हा साठतात. चिंध्यांच्या निदान उशा तरी होतात. किश्श्यांचं काय करायचं? म्हणून सांगून टाकते!

मी म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात ब्लाउज शिवते. आमच्या गल्लीत सगळी मराठी शिंप्यांची दुकानं, कोपऱ्यावर विठोबाचं देऊळ आणि मधून उघडं गटार. पाऊस आला की गटार दुकानात. हे किस्से त्या वर्षीचे, जेव्हा आमचा सॅमण्णा महापालिकेच्या इलेक्शनला उभा राहिला.

सॅमण्णा म्हणजे मशीन-मेकॅनिक सॅम्युअल. गल्लीतल्या प्रत्येक शिलाई मशीनचं पोट त्याने उघडून बघितलंय. माणूस पक्का बिलिव्हर! म्हणजे मूर्ती नाही, दारू नाही, सिनेमा नाही, बायकोच्या अंगावर दागिना नाही. त्याच्या मर्सीचा ब्लाउज शिवताना मला झोप येते. लेस नको, गोंडा नको, काठसुद्धा नको!

तो उभा राहतोय कळल्यावर आमचे चुलतसासरे तात्या भडकले. तात्या म्हणजे देवळाचे पुढारी. त्यांनी मान हलवली की अख्खी गल्ली त्याच बाजूला मत देते.

"अय्यो, हा निवडून आला तर आपल्या सगळ्यांना पाण्यात बुडवून किरिस्तांव करेल!"

मी म्हटलं, "तात्या, बुडवायला तो कशाला हवा? गटार बुडवतंच की दर पावसाळ्यात!"

त्या दिवशी तात्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही.

*

आमच्याकडे रीत अशी, की कुठलाही उमेदवार आधी देवळात येतो. तात्या खिशातून बुक्क्याची पुडी काढतात, त्याच्या कपाळाला काळा बुक्का लावतात, फोटो होतो. ती पुडी तात्यांच्या खिशातून कधी हलत नाही. सकाळी मशीनवर बसायच्या आधी चपला काढायच्या, मशीनला बुक्का लावायचा, हात जोडायचे, मगच पायडलवर पाय. वर ओल्या फडक्याने मशीन पुसतात, मग तो बुक्का आत जाऊन बसतो आणि सॅमण्णा येऊन कटकट करतो, "तात्या, कोरड्याने पुसा हो!"

तर सॅमण्णा आला. पायरीखालीच थांबला, तात्यांना हात जोडले. तात्यांनी बोट पुढं केलं, आणि ह्या शहाण्याने कपाळ मागे घेतलं!

"तात्या, रागावू नका. हे मला चालत नाही."

मी मनात म्हटलं, मेला हा!

तात्या पुडी मिटत म्हणाले, "ज्याला माझा बुक्का चालत नाही, त्याला माझं मत कसं चालेल?"

"मत चालेल की, तात्या!"

आता सांगा, इलेक्शनच्या तोंडावर असं बोलतात का?

*

गल्लीतली पोरं त्याच्याकडे 'व्यवस्था' मागायला गेली. त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या शंकरप्पाने कालच बाटल्या वाटल्या होत्या. सॅमण्णाने पोरांना बसवलं, लिंबू सरबत पाजलं, आणि आपण तरुणपणी किती प्यायचो, मर्सी कशी माहेरी गेली, येशूने कसं बाहेर काढलं, सगळं पहिल्यापासून सांगितलं. उठूच देईना!

शेवटी एक जण हात जोडून म्हणाला, "अण्णा, तुमची दारू नको, पण शंकरप्पाची चढलेली तरी उतरवू नका!"

*

बरं, त्याच्या लोकांना तरी आनंद होता? छे! शहरातल्या विजयनगर भागातून त्यांच्या चर्चचे एक वडीलधारे आले. इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट, हातात बायबल. माझ्याच दुकानासमोर उभे राहून सॅमण्णाला समजावत होते, "ब्रदर, राजकारण म्हणजे घाण. आपण त्यात उतरू नये."

सॅमण्णाने गटाराकडे बोट दाखवलं. "ही पण घाणच आहे. उतरल्याशिवाय साफ कशी होणार?"

वडीलधाऱ्यांनी वाकून बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "आम्ही घरूनच प्रार्थना करू."

मला सॅमण्णाची कीव आली. आमचे म्हणतात हा त्यांचा, त्यांचे म्हणतात हा बिघडला. मत द्यायचं कुणी ह्याला?

*

आणि चिन्ह काय मिळालं? शिलाई मशीन! शंकरप्पाला नारळ. त्यात मतदानाच्या तोंडावर आली आयुधपूजा. त्या दिवशी म्हैसुरात सायकलीपासून बसपर्यंत सगळ्याची पूजा होते. आमच्या गल्लीत दारोदारी सजलेली मशीनं, हार, कुंकू, उदबत्त्या! जन्मभर मूर्तीला हात न जोडलेल्या सॅमण्णाचं चिन्ह गल्लीभर पूजलं जात होतं. बिचारा मान खाली घालून सायकलवरून सटकला.

शंकरप्पाने तक्रार केली. इलेक्शन ऑफिसचे साहेब आले, म्हणाले, "आचारसंहिता आहे. मशीनं झाका."

तात्या उसळले. "आमची लक्ष्मी झाकू? एनु स्वामी, डोकं ठिकाणावर आहे का? आणि झाकायचंच तर आधी दुसरी तक्रार घ्या लिहून. सकाळपासून ह्या गल्लीने शंकरप्पाचं चिन्ह दारोदार फोडलंय, किसून खोबऱ्याची चटणी पण केलीय!"

साहेब चटणी खाऊन गेले.

मी लगेच विचारलं, "म्हणजे तात्या, मत सॅमण्णाला?"

"मशीन माझं आहे, त्याचं नाही! त्याला मत नाही म्हणजे नाही!"

तात्या नाही म्हणाले म्हणजे गल्ली नाही म्हणाली. त्या रात्री मर्सी माझ्याजवळ रडली. "अक्का, आयुष्यभर तुमच्याच मशीनांत हात काळे केले त्याने. एक गल्ली तरी त्याची आहे असं वाटत होतं."

*

मतदानाला शाळेत रांग. तात्या पुढे, त्यांच्यामागे शंकरप्पाची बायको, तिच्यामागे मी. उमेदवार म्हणून सॅमण्णा आत कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला. तात्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दारातच चपला काढल्या आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. बराच वेळ बाहेर येईनात. अधिकारी खाकरले तेव्हा मतदान-यंत्राचा 'पीं' आवाज आला. तात्या बाहेर आले, ते तडक चपला शोधायला.

मग शंकरप्पाची बायको आत गेली आणि किंचाळली, "इथं कुणीतरी काळं फासलंय! शिलाई मशीनच्या बटणावर!"

अधिकारी धावले. बटणावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "शाई नाही ही. वास छान येतोय." मग शिपायाला ओरडले, "अरे, पाणी आण, ओलं फडकं आण!"

तात्या दाराबाहेर एका पायात चप्पल घालून तसेच उभे.

कोपऱ्यातून सॅमण्णा उठला.

"सर, ओलं नको, आत जातं. कोरड्याने पुसा."