ज्याची त्याची लाल थैली

महिन्याची पहिली तारीख, संध्याकाळचे पाच. जागा उस्मानाबादेतला एक खासगी छापखाना, राज्य निजामाचं. मी तिथल्या साप्ताहिकाचा बातमीदार. त्या संध्याकाळचं सांगायला बसलं, की आधीचे किस्से आपोआप मागं लागतात. तेव्हा रांगेनंच सांगतो.

*

आमचे कंपोझिटर, म्हणजे छपाईचे उलटे खिळे जुळवणारे, महादेवअप्पा नळदुर्गचे. एकदा कापसाच्या एका जिनिंगच्या पगाराचे कागद आमच्याकडं छापायला आले. तिथला मुनीम हळूच येऊन विचारू लागला, आमच्या जिनिंगच्या मॅनेजरला किती हो मिळतात?

अप्पा म्हणाले, "आमी उलटी अक्षरं वाचतो, साहेब. सरळ काय ध्यानात ऱ्हात न्हाय."

*

दुसरे कंपोझिटर गोविंदराव, इंग्रजी मुलखातल्या सोलापूरहून आलेले. अणदूरचे एक गृहस्थ त्यांना मुलगी द्यायची म्हणून चौकशीला आले आणि मशीनवरच्या रहीमचाचांना गोविंदरावांचा पगार विचारू लागले. चाचांनी मशीन थांबवलं नाही.

"पोरगा आमचा, पगार मालकाचा. पोराचं विचारा, लई सांगतो."

लग्न जमलं!

*

आज शिकलीसवरली माणसं शेजाऱ्याचा पगार हुंगत फिरतात, म्हणून पुढचं मुद्दाम सांगतो.

मालक पगार एकसारख्या लाल थैल्यांत द्यायचे. त्यांच्यासमोर मोजायचा नाही, असा रिवाज. एकदा अप्पांनी शेजारच्या खुंटीवरची गोविंदरावांची थैली चुकून उचलली. नळदुर्गच्या बाजारात ज्वारी घ्यायला उघडली, तर आत निजामाच्या हाली रुपयांऐवजी इंग्रजांचे कलदार! आकडा तोच, पण बाजारात कलदारचा भाव वरचढ. म्हणजे काम एकच आणि अप्पांच्या घरी दर महिन्याला ज्वारी कमी.

अप्पांनी ज्वारी न घेताच थैली बांधली आणि सोमवारी गोविंदरावांना परत दिली. मला हे सांगितलं ते गोविंदरावांनी. अप्पांची थैली त्यांच्याकडं गेली होती, त्यांनाही सगळं कळलं होतं. मी पेटलो. अप्पांना म्हटलं, चला मालकाकडं.

"त्याच्या थैलीतलं दिसलं ते चुकीनं. त्याच्यावर हक्क सांगितला तर ती चोरी झाली."

"मग गप बसायचं?"

"माझ्या थैलीतलं बोलतो की. ते माझं हाय."

*

आणि मग ती संध्याकाळ. मालकांनी थैली हातात दिली, अप्पांनी ती तिथंच टेबलावर उपडी केली. "पंचवीस. हाली."

रहीमचाचांनी मशीन थांबवलं, आपली ओतली. "अठ्ठावीस. हाली." मी माझी ओतली, ती सगळ्यात हलकी.

गोविंदरावांकडं कुणी पाहिलं नाही. ते गुपचूप निघून गेले असते तरी आम्ही काही म्हटलं नसतं. ते पुढं आले. "पंचवीस. कलदार."

मालक लाल झाले. कुणी कुणाची थैली उघडली, म्हणाले.

"ज्याची त्यानं उघडली, मालक," चाचा म्हणाले.

हाली निजाम सरकारचं नाणं आहे, नाकारलंत तर पोलिसांत देईन, अशी मालकांची धमकी झाली.

"नाकारलं कुणी?" अप्पा म्हणाले. "एकाच कामाला दोन नाणी का, तेवढं सांगा."

पुढच्या पहिल्या तारखेला चारी थैल्यांत कलदार निघाले. मागून निजामी गेली, हाली गेली, मालकही गेले. अप्पांना उत्तर कुणी दिलेलं नाही.