समुद्रातलं गोडं पाणी

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, मी कॅरिबियनमधल्या एका बेटावर चाललेय. एकटीच. तू बेटावर राहिलीयेस ना, काहीतरी सांग." हॉटेल, विमा, उन्हाचं मलम हे सगळं तिने आधीच पाहून ठेवलेलं. आता मी काय सांगणार, कपाळ? बहारीनमध्ये माझी बरीच वर्षं गेली खरी, पण ती ऑफिस आणि घर यांच्या मधल्या रस्त्यावर. बेट फिरल्या त्या माझ्या सासूबाई. म्हणून मी तिला त्यांचीच गोष्ट सांगितली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. सांगलीजवळच्या खेड्यातून मुंबई, मुंबईहून विमान, आणि सोबतीला कुणी नाही. आम्ही दोघं विमानतळावर काळजीने अर्धमेले झालो होतो. बाई बाहेर आल्या त्या वसईच्या एका नर्सची बॅग आपल्या ट्रॉलीवर घेऊन, तिच्याशी गप्पा मारत. ती नर्स पुढे दर नाताळला आम्हाला केक पाठवायची.

नातवाला बघायला चालले, असं त्यांनी गावात सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. माझे सासरे पन्नासच्या दशकात तिथेच तेल कंपनीत फिटर होते. तेव्हा बायकामुलांना न्यायची सोय नव्हती, दोन वर्षांनी एकदा रजा मिळायची. अशाच एका रजेत त्यांनी घराच्या ओट्यावर बसून सांगितलं, की त्या बेटाभोवतीच्या समुद्रात, तळाला, गोड्या पाण्याचे झरे आहेत आणि तिथली माणसं बुडी मारून पिण्याचं पाणी भरून आणतात. झालं. भावांनी त्यांना थापाड्या ठरवलं. त्यानंतर घरात कुणी जरा वाढवून बोललं, की "आलं समुद्रातलं गोडं पाणी" म्हणून सगळे हसायचे. सासरे गेले तेव्हा दहाव्याला जमलेल्या मंडळींतही सासूबाईंच्या देखत त्यांच्या धाकट्या दिरांनी ती गोष्ट काढली, आणि लोक हसले.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्या मला म्हणाल्या, "ते पाणी कुठं हाय गं? मी पिऊन बघितल्याबिगर जायची न्हाई. खोटं निघालं तर निघू दे. पर मला कळू दे."

त्यांचा व्हिसा तीन महिन्यांचा होता. माझा नवरा अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्टवर. "शुक्रवारी बघू, आई," असं म्हणायचा आणि सुट्टीचा शुक्रवार झोपून काढायचा. शेवटी कारखान्यातल्या कुणीतरी त्याला सांगितलं, की बेटावर इतक्या खोल विहिरी खणल्यात की समुद्रातले झरे आटले, खलास. त्याने तेच आईला सांगितलं आणि विषय संपवला. निदान त्याला तसं वाटलं.

"तुम्ही जावा की कामाला," सासूबाई म्हणाल्या. "मी बघतो." त्यांच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, आणि त्या ऐटीत बोलल्या की समोरच्याने वाद घालू नये हे बरं.

पहिल्या दिवशी त्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या आणि खाली न उतरता त्याच बसने परत आल्या. रस्ता डोळ्यांखालून गेला की निम्मी भीती जाते, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवसापासून उतरायला लागल्या. पिशवीत आमच्या इमारतीखालच्या बेकरीची कागदी पिशवी घडी करून ठेवलेली असे. तिच्यावर अरबीत पत्ता छापलेला होता. चुकल्या की टॅक्सीवाल्यापुढे ती धरायची. शेजारी चिवड्याचा डबा, तो स्वतःला खायला नव्हे. "कुणी पाणी पाजलं, खजूर दिला, तर आपण काय हात हलवत यायचं?" वाट विचारायची तीही चालणाऱ्या माणसाला नाही, बसलेल्याला. चालणारा घाईत असतो, शिवाय तो आपल्यासारखाच उपरा असायचा. दारात बसलेला माणूस तिथलाच असतो आणि त्याला वेळ असतो. आणि दुपारी बाराच्या आत घरी. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, वरून ते ऊन. माझी इतकी वर्षांची नोकरी, मला यातलं एकही शहाणपण सुचलं नव्हतं. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, आणि थोडी लाजही.

गोड्या पाण्याला अरबीत 'माय हिलू' म्हणतात, हे त्या कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरवाल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, मल्याळी पोराकडून शिकल्या. तेवढे दोन शब्द बोलून समुद्राकडे बोट दाखवायचं. बहुतेक लोक हात हलवायचे, "मफी," म्हणजे नाही. रिफा गावातल्या एका गृहस्थाने तर त्यांना तहान लागलीय समजून थंड पाण्याची बाटली दिली आणि आपल्या गाडीतून घरापर्यंत सोडलं. मी चिडले. "आई, अशी कुणाच्याही गाडीत बसतात का?"

"त्याची आई मागं बसली होती की," त्या म्हणाल्या. "तिनंच हाताला धरून बसवलं."

शेवटी मुहर्रकमध्ये, समुद्राजवळच्या एका घराच्या दारात, चटईवर बसलेली एक म्हातारी त्यांना भेटली. तिचा नवरा मोत्यांच्या व्यापारात होता, त्याच्याबरोबर ती काही वर्षं मुंबईत राहिली होती. दोघींचं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे एकमेकींचं उत्तम कळायचं. सासूबाई तिच्याकडे चारदा जाऊन चिवडा देऊन आल्या. मग एक दिवस म्हातारी म्हणाली, एक झरा अजून जिवंत आहे. ओहोटीला माझा मुलगा होडीतून नेईल. शुक्रवारी सगळे या, इंशाल्ला.

"इंशाल्ला म्हणजे नाही," माझ्या नवऱ्याने त्यांना चिडवलं. पण त्या शुक्रवारी तो आमच्या आधी तयार होऊन बसला. सासूबाईंचं परतीचं तिकीट रविवारचं होतं.

त्या घरात आमचं जे स्वागत झालं ते मी विसरणार नाही. कॉफी, खजूर, हलवा, पुन्हा कॉफी. म्हातारीचा मुलगा दारात उभा राहून पाण्याकडे बघत होता. ओहोटी आहे तोवरच झरा हाताला लागतो, भरती सुरू झाली की संपलं, असं त्याने आम्ही आल्याआल्याच बजावलं होतं. निघायची वेळ झाली तशी म्हातारी धुपाटणं आणि गुलाबदाणी घेऊन आली. पाहुणा उठताना त्याला धूप आणि गुलाबपाणी द्यायचं, ही तिकडची रीत. माझ्या तळव्यांवर तिने गुलाबपाणी शिंपडलं आणि ती सासूबाईंकडे वळली.

सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि त्या मान खाली घालून भिंतीकडे सरकल्या.

मला लगेच कळलं. गावाकडे हळदीकुंकवाला अत्तर आणि गुलाबपाणी यायची वेळ झाली, की सासरे गेल्यापासून त्या आपणहून उठून आत जायच्या. कुणाला काही म्हणावं लागू नये म्हणून. आता आत जायला घर आपलं नव्हतं. आणि त्या घराच्या हिशेबाने, निघताना सुगंध नाकारणारा पाहुणा रागावून निघालेला. म्हातारीचा चेहरा पडला. ती मुलाला अरबीत काही बोलली, आणि त्याने हातातलं वल्हं भिंतीला टेकवून ठेवलं.

"हमारे घर में क्या गलती हुआ?" म्हातारीने मला विचारलं. पाहुणीचा हा राग निवल्याशिवाय कुणी इथून हलणार नाही, हे तिच्याकडे बघून कळत होतं. तिकडे ओहोटी काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. नवरा माझ्याकडे बघायला लागला.

मी सांगितलं, "इनका आदमी नहीं है. हमारे यहाँ विधवा को खुशबू नहीं लगाते." हे परक्या घरात मोठ्याने बोलताना मला आमच्याच माणसांचा भयंकर राग आला. आजही येतो.

"कौन बोला?" म्हातारीने विचारलं. "हमारा आदमी भी मर गया," ती म्हणाली. मग तिने गुलाबदाणी आधी स्वतःच्या मनगटांवर उपडी केली. नंतर खाली बसून सासूबाईंचे हात पदराखालून ओढून काढले आणि ते भिजेपर्यंत शिंपडत राहिली. धुपाटणं त्यांच्या पदराखाली धरलं. सासूबाई रडल्या. दहाव्याच्या दिवशीही लोकांपुढे न रडलेली ती बाई तिथे मोकळेपणी रडली. मग त्याच ओल्या हातांनी डोळे पुसून म्हातारीच्या मुलाला म्हणाल्या, "चल बाबा, पाणी चढंल."

होडी फार लांब गेली नाही. मांडीएवढ्या पाण्यात म्हातारीचा मुलगा उतरला. एका जागी तळातून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. आमच्याकडची सरबताची रिकामी बाटली त्याने घेतली, तोंडावर अंगठा दाबून ती तळाशी नेली, तिथे अंगठा काढला, भरल्यावर पुन्हा दाबला आणि वर आणली. सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला. मग बाटली आमच्याकडे दिली. मला ते जरासं मचूळ लागलं, पण समुद्राचं पाणी ते नव्हतं, पिण्याचं होतं. माझ्या नवऱ्याने एक घोट घेतला, मग आणखी एक.

सासूबाई पाण्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलं का हो? गोडं हाय."

बाटली पुन्हा भरून, बूच घट्ट बसवून त्यांनी गावी नेली. पुढच्या रजेत आम्ही गेलो तेव्हा मी विचारलं, दिरांना पाजलं का? पाजलं, म्हणाल्या. ओट्यावर सगळ्यांना बोलावून घोट घोट दिलं. धाकट्या दिरांनी चव घेतली आणि म्हणाले, "वहिनी, हे तर नळाचं पाणी. तुम्ही पण थापा मारायला शिकलात." मंडळी हसली.

माझा जीव कळवळला. म्हटलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणायचं?" त्या शेंगा सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "म्हणू देत की. इतकी वर्सं ते एकलेच थापाडे होते."