तळातलं पॅकेट

मंडीदीपच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी तेवीस वर्षं सुपरवायझर होते. तिथे एक रिवाज होता. जेवणाच्या घंटेआधी अर्धा तास मी ताट घेऊन हॉलच्या मधोमध बसायचे आणि सगळ्यांना दिसेल असं जेवायचे. भाजी पातेल्यातली वरची नाही, तळातली. वरची कोणीही चांगली दाखवतो. मी धडधाकट उठले की मगच वाढपाची खिडकी उघडायची. कामगार थट्टा करायचे, की मॅडमवर प्रयोग झाला, आता आपण जेवू. मला राग यायचा नाही. ती माणसं फाटकाच्या आत होती, जेवायला दुसरीकडे जाऊ शकत नव्हती, आणि जिथे माणूस असा अडकलेला असतो तिथेच अन्नाची सगळ्यात जास्त हेळसांड होते. विमानतळावर बघा. तपासणी ओलांडून आत गेलं की कालचा समोसा, चहाच्या नावाने गरम पाणी, आणि काउंटरवरचा माणूस असा बघतो की जणू आपण न बोलावता त्याच्या घरी आलोय. मी तिथेही भांडते. नवरा तेवढ्यापुरता लांबच्या खुर्चीवर जाऊन बसतो.

गेल्या एप्रिलमधलं भांडण मात्र स्टेडियममधलं. माझी मुलगी हॉकी खेळते. ती तिच्या संघाची कप्तान होती आणि राज्याच्या शिबिरासाठीची निवड त्या दिवशीच्या सामन्यावर व्हायची होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी. आदल्या वर्षी याच स्पर्धेत, इथलंच दुपारचं जेवून ती मैदानात उतरली आणि मध्यंतराला उलट्या करत बाहेर आली. तिच्याबरोबर आणखी चौघी. निवड करणाऱ्यांनी तिच्या नावापुढे 'दम कमी पडतो' असा शेरा मारला. तो शेरा वर्षभर माझ्या घशात अडकून होता. या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही, एवढं ठरवूनच मी तिच्याबरोबर गेले.

फाटकावरच आमचे डबे काढून घेतले. बाहेरचं खाणं आत चालत नाही, असा नियम. मी पहाटे उठून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, बाकीच्या मुलींचे पराठे, सगळं चौकीदाराच्या टेबलाखाली जाऊन बसलं. आतल्या स्टॉलवर पाणी कोमट. थंड मागितलं तर स्टॉलवाला मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, यही है. अकरा वाजता जेवणाचे क्रेट टेंपोतून उतरले आणि तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली एकावर एक रचले गेले. वाटप साडेबाराला, सामना चारला.

मी सरळ शेडखाली गेले. सवयीने हात सगळ्यात खालच्या क्रेटकडे गेला. पॅकेट उघडलं तर पुऱ्यांना घाम फुटलेला आणि बटाट्याच्या भाजीला तार सुटलेली. एक घास तोंडात घालून बघितला. आंबला होता. ठेकेदाराच्या माणसाला म्हटलं, तुम्ही यातलं एक माझ्यासमोर खा, मी गुपचूप निघून जाते. तो म्हणाला, माझा आज उपवास आहे. मी विचारलं, भाजी शिजली तेव्हाही होता का? त्यावर तो टेंपोवाल्याशी काहीतरी महत्त्वाचं बोलायला निघून गेला.

तेवढ्यात मुलगी धावत आली. "आई, प्लीज, इथे तमाशा नको. सिलेक्टर लोक बघताहेत," ती दबक्या आवाजात म्हणाली. मी म्हटलं, मागच्या वर्षीही बघतच होते. ती रागाने लाल झाली. मला तिचं कळत होतं, तरी मी थांबले नाही. संघाच्या कोचबाईंना म्हटलं, तुम्ही तरी बोला, तर त्या बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकल्या. उरले स्पर्धेचे संयोजक साहेब.

साहेब चार इमलीहून, बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या वस्तीतून, आले होते. त्यांच्या टेबलावर चार पुडांचा स्टीलचा डबा होता, घरचा. चौकीदाराला तेवढा तो दिसला नसावा. मी ते पॅकेट उघडं करून डब्याशेजारी ठेवलं.

"साहब, किसी एक लड़की से डब्बा बदल लीजिए," मी म्हटलं.

त्यांनी पॅकेटकडे बघितलं, रुमाल नाकाला लावला, आणि फार शांतपणे सांगितलं की तक्रार असेल तर संघाने लेखी द्यावं. आम्ही स्पर्धेचं जेवण नाकारतो, असं. मग डबे आत येतील. पण सही कप्तानाची लागेल, पालकांची चालणार नाही. एवढं बोलून त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. निवड समितीचे प्रमुख तेच होते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

खरं सांगते, त्या क्षणी मी घाबरले. सकाळपासून मी जो आवाज चढवला होता तो माझा होता, आता सही मुलीची होती. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, सही करू नकोस. तू पॅकेट बाकाखाली सरकव, नुसतं ग्लुकोजचं पाणी पी, कोणाला कळणार नाही.

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तिच्याहून लहान झाले.

"आणि बाकीच्या पंधरा जणी? त्या तर खातील ना, आई."

ती टेबलाशी गेली आणि तिने चार ओळी लिहिल्या. खाली सही केली आणि फाटकावर जाऊन सगळे डबे स्वतः उचलून आणले. माझ्या दशम्या कोणाच्या पोटात गेल्या कोण जाणे, पण मुली वाटून घेऊन जेवल्या.

चार वाजता सोळाही जणी उभ्या होत्या. सामना आम्ही जिंकलो. शेवटच्या पाच मिनिटांत ती जशी धावली तशी मी तिला कधीच बघितलं नव्हतं. सहा वाजता यादी लागली. आमच्या संघातल्या तिघी होत्या, ती नव्हती. कारण विचारलं, तर निवड गुणांवर झाली असं उत्तर मिळालं. ते खरंही असेल. मला ते कधी कळणार नाही, आणि याचाच त्रास जास्त होतो.

परतताना स्कूटरवर ती माझ्या पाठीला डोकं टेकून रडली. बिट्टन मार्केटच्या सिग्नलला थांबलो. मी म्हटलं, माझं चुकलं, मी मध्ये पडायला नको होतं.

"मध्ये पडलीस ते बरोबरच होतं," ती म्हणाली. "तू मला सही करू नको म्हणालीस, तेवढं विसरून जा. मी पण विसरते."

तिने शब्द पाळला, ते बोलणं पुन्हा कधी काढलं नाही. मला नाही विसरता आलं. दुसऱ्या दिवशी मी संयोजकांच्या कार्यालयात अर्ज दिला, की मुलींना जेवण वाढण्याआधी संयोजकांनी त्यांच्यासमोर बसून त्यातलंच जेवावं. एवढी एकच मागणी, आणि खाली सही फक्त माझी. दर सोमवारी चौकशीला जाते. फाइल अजून वर गेलेली नाही, म्हणतात. येत्या सोमवारीही जाणार आहे.