मोपेडवरची वीरनची जागा

मारिमुत्तूचा दिवस पहाटे चारला सुरू होई. उंदीर पकडणाऱ्याला त्याहून उशीर चालत नाही. उजाडलं की कावळे उतरतात, अडकलेला उंदीर ओढतात आणि सापळ्याची दोरी तोडतात. तोडणारे कावळे, वळणारा मारिमुत्तू. म्हणून चार.

सापळा बांबूचा. वाकवलेली कांब, तिला ताणलेली दोरी, मध्ये भाजलेल्या तांदळाच्या पिठाची गोळी. उंदराने गोळी ओढली की कांब सुटते आणि मान आवळते. तंजावूरकडे याला किट्टी म्हणतात. संध्याकाळी बांधाबांधाने लावायच्या, पहाटे उचलायच्या. भारा वजनाला हलका असतो, पण ओल्या बांधावर पाय घसरू न देता तो नेणं हलकं नाही.

शेत रघुपतीरावांचं, तिरुवैयारुच्या पलीकडे, कालव्याला लागून. घर मराठी, राहणं तंजावुरात. म्हातारे रघुपतीराव अजून मोटारीने येऊन नारळाखाली खुर्ची टाकत. कारभार मुलाकडे, प्रणवेशकडे गेला होता.

मारिमुत्तूपुढे चालायचा वीरन. तांबूस कुत्रा, एक कान फाटका. किट्टीच्या कामात त्याचा उपयोग नव्हता. त्याचं काम कापणीनंतर. उंदीर बिळात भात साठवतात. ते खणून काढलं की खणणाऱ्याचं, अशी तिकडची रीत. पण बीळ भरलेलं की रिकामं, हे वरून दिसत नाही. रिकामं बीळ खणण्यात अर्धा दिवस जातो आणि हाती माती येते. वीरन नाक लावी, शेपूट हलली तर खणायचं, नाही तर पुढे. तो आल्यापासून मारिमुत्तूची कुदळ फुकट चालली नव्हती.

कालव्यापलीकडच्या गावानेही मारिमुत्तूला बोलावलं होतं. सायकलवर भारा घेऊन दोन गावं होत नाहीत. शिवाय कुत्र्याला मागे पळवत नेलं तर पोचेपर्यंत त्याचं नाक धुळीने भरतं, मग ते कामाचं राहत नाही. तेव्हा कापणीला हंगामाची मजुरी मिळाली की जुनी मोपेड घ्यायची, असं त्याने ठरवलं. मोपेडला बसणाऱ्याच्या पायांपुढे मोकळी जागा असते. तिथे वीरन उभा राहील.

"म्हणजे तो पुढे आणि मी मागे," बायको वासुकी म्हणाली.

"तुला बिळं हुंगता येतात?"

"तुम्ही ताडी पिऊन आलात की तेवढं येतं."

"मग मागेच बस."

त्या वर्षी उंदीर फार झाले. कारण मारिमुत्तूला ठाऊक होतं, सगळ्यांनाच होतं. पूर्वी कालव्याला पाणी आलं की सारी शिवारं एकदम लागत आणि एकदम कापली जात. मग उन्हाळाभर जमीन उघडी. उंदीर उपाशी मरत. आता ज्याच्याकडे पाण्याची मोटर तो उन्हाळ्यातही भात घेतो. कुणाचं ना कुणाचं शेत पिकलेलंच असतं. उंदरांचा उपास संपला.

मार्गळी महिन्यात, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, भात पोटरीत आलं तेव्हा, उंदरांनी शेताच्या मधोमध रोपं कापून टाकली. बांधावरून सगळं हिरवं दिसे. आत गेलं की फाटलेली चटई.

"रोज लावा, रोज उचला," प्रणवेश म्हणाला. "औषध एकदा टाकलं की काम झालं."

"टाका तंबी," मारिमुत्तू म्हणाला. प्रणवेशला तो तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणे. "फक्त आधी सांगा. मी किट्ट्या उचलतो, कुत्रं बांधून ठेवतो."

रघुपतीराव खुर्चीतून मुलाला घरच्या तंजावुरी मराठीत म्हणाले, "कासाला रे घाई? त्याला सांगून मग टाक."

"सांगतो की."

त्याने सांगितलं नाही. लबाडी नव्हती. किट्ट्या पूर्वेच्या बांधाला होत्या आणि औषध त्याने पश्चिमेला टाकायला लावलं. मग सांगायचं कशाला, असं त्याला वाटलं. उंदराला पूर्व-पश्चिम नसते.

दुसऱ्या पहाटे मारिमुत्तूने पहिला उंदीर सोडवला आणि त्याच्या तोंडाला लसणाचा वास आला. दुसऱ्यालाही. औषधाचा वास तसाच असतो. घरी न्यायचे ताजे उंदीर तो वेगळ्या पिशवीत टाकी. वासुकी त्यांचं कालवण करी. त्या दिवशी पिशवी रिकामी ठेवली. वीरनला दटावून बाजूला बसवलं आणि खड्डा खणायला घेतला.

असा खड्डा हातभर खोल लागतो. निम्म्या किट्ट्या अजून उचलायच्या होत्या आणि पूर्वेला तांबडं फुटत होतं. त्याने वीतभर खणलं, उंदीर टाकले, माती लोटली, वर पाय दिला. पुढे गेला.

दुपारी वीरन खायला आला नाही. मारिमुत्तू शेतावर गेला. माती उकरलेली होती. वीरन कालव्याच्या काठी सापडला. पाणी पीत होता, ओकत होता, पुन्हा पीत होता.

सायकलच्या मागे गोणपाट बांधून त्याला वर ठेवला. वासुकी धरून चालत होती. तिरुवैयारुच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सुई टोचली, पोट तपासलं.

"कशाचं विष?"

"उंदराचं औषध."

"याला उतारा नसतो हो. वाट बघायची."

वाट फार बघावी लागली नाही. परत येताना पुलावर वासुकी म्हणाली, "थांबा." तो थांबला. मग ती म्हणाली, "चला."

घरामागे मारिमुत्तूने हातभर खणलं. मग आणखी हातभर. वासुकी म्हणाली, पुरे. तो खणत राहिला.

संध्याकाळी किट्ट्या लावल्या नाहीत. शेतात उलटे रोवलेले नारळाच्या झावळ्यांचे बुंधे होते, घुबडांना बसायला त्यानेच लावलेले. पुढे बरेच दिवस त्यांच्यावर कुणी बसलेलं त्याला दिसलं नाही. बुंध्याखाली घुबडांनी ओकलेले केसांचे गोळे पडत, तेही पडेनासे झाले. घरात उंदराचं कालवण पुन्हा झालं नाही. वासुकीने विचारलं नाही, त्यानेही आणले नाहीत.

रघुपतीराव म्हणाले, "सांगायला हवं होतं, मारिमुत्तू. चुकलं आमचं."

"मी उथळ खणलं, अय्या." थोरल्या मालकांना तो अय्या म्हणे.

"दुसरं कुत्रं घे."

"घेईन."

घेतलं नाही.

कापणी यंत्राने झाली. मारिमुत्तू कुदळ घेऊन बांधावर गेला. पहिलं बीळ रिकामं निघालं. दुसरं रिकामं. तिसऱ्यात मूठभर भात आणि वाळलेला उंदीर. पाठ धरली तशी तो घरी आला आणि कुदळ आढ्याला अडकवली.

प्रणवेश मजुरी द्यायला स्वतः घरी आला. पूर्ण दिली. औषध टाकल्यानंतरच्या दिवसांचीही दिली. मग ओसरीच्या कडेला उभा राहून म्हणाला, "पुढच्या हंगामाला औषध टाकायचं काम घ्याल? पलीकडच्या गावालाही माणूस हवाय. उचलायचं काही नाही, वळायचं काही नाही. उन्हं वर आल्यावर निघालात तरी चालेल."

मारिमुत्तूने हिशेब केला तो श्रमांचा. भारा नाही. दोऱ्या नाहीत. चार वाजता उठणं नाही. काम निम्म्याहून कमी.

"दोन गावं सायकलवर होणार नाहीत," तो म्हणाला.

"मग?"

"बघतो."

आठवड्याने त्या मजुरीतून मोपेड आली. जुनी, निळी, आवाज जरा जास्त. वासुकी मागे बसली, तिने पदर खोचला आणि खांद्यावरून पुढे पाहिलं. मारिमुत्तूच्या पायांपुढच्या मोकळ्या जागेत औषधाचा डबा उभा होता, झाकणावर कापड बांधलेला, डुलू नये म्हणून दोरीने आवळलेला. दोरी किट्टीची होती.