बेटामागचे पाणी

खानदेशात टरबुजांच्या गाड्या रस्त्याला लागल्या की मला तापीकाठचे ते ठाणे आठवते, आणि तिथली एक नापत्ता सून. नोकरी सोडून आता काही वर्षे झाली. याहून मोठे तपास माझ्या हातून गेले. त्यातले बरेच मी विसरले. हा विसरले नाही.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. आज ज्याला आपण धुळे-नंदुरबार म्हणतो त्या भागाला तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत. पोलिसांत बायका घ्यायला नुकती कुठे सुरुवात झाली होती आणि मला शहादा-नंदुरबारच्या मधल्या पट्ट्यात, नदीकाठच्या एका लहान ठाण्यावर पाठवले होते. तिथे बायकांना राहायला खोली नव्हती. मी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे राहत असे आणि सकाळच्या हजेरीला चालत येत असे. फौजदारसाहेब सज्जन होते, पण मला काम काय द्यावे हे त्यांना उमगत नव्हते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, तूर्त ठाण्यातल्या पिण्याच्या पाण्याचं तेवढं बघा." हवालदार मिशीत हसला. मी दोन मोठे माठ आणवले, तिवईवर ठेवले, वर घासलेला तांब्या पालथा घातला. उन्हातून तक्रार घेऊन आलेला माणूस पाणी प्यायला की निम्मे खोटे बोलायचे विसरतो, हे मला तिथे कळले. तेव्हा ते काम अगदीच वाया गेले नाही.

त्या दिवसांत तापी उन्हाळ्यात एकसंध राहत नसे. समुद्राला मिळताना ती जशी अनेक फाट्यांनी फुटते म्हणतात, तशी ती आमच्या ठाण्याजवळच्या संगमाच्या खाली फुटायची. मधे वाळूची बेटे, बेटांवर टरबुजा-डांगरांच्या वाड्या, कडेने झाऊची झुडपे. एक म्हातारा नावाडी यात्रेकरूंना दिवसभर या फाट्यांतून फिरवून आणायचा. सकाळी संगमावर स्नान, मग देवळे, मग नाव. दुपारी मोठ्या बेटावर भाकरी, कलत्या उन्हात परत. नाव पुढे जाई तशी त्याची तोंडाची टकळी सुरू असायची. कोणत्या डोहात मगर होती, कोणत्या खडकावर कोणता ऋषी बसला होता, समोरच्या काठावर कोणते गाव दिसते. शेवटी एक वाक्य ठरलेले: "समुद्रपावत कसाले जातस? मन्ही नावमा बसा, तापीमाय आठेच समुद्र दखाडस!"

एका सोमवतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खेड्यातले एक वयस्कर, प्रतिष्ठित शेतकरी ठाण्यात आले. मूळ गुजराती वळणाचे घराणे, केळी-कापसाचा मोठा बारदाना. आदल्या दिवशी ते घरच्या बायकांना घेऊन नावाड्याच्या नावेतून फिरून आले होते. घरी बैलगाड्या पोचल्यावर लक्षात आले की धाकटी सून गाडीत नाही. तिचा नवरा कापसाच्या व्यवहारासाठी सुरतेला गेलेला. त्यांची स्वतःची पत्नी मागेच वारलेली. त्यांचा संशय नावाड्यावर होता: त्याने तिला बुडवले, नाहीतर पळवली.

फौजदारसाहेब तक्रार लिहून घेऊ लागले.

"सुनेचं वर्णन सांगा. रंग?"

म्हाताऱ्यांनी पागोटे सारखे केले.

"उंची? चेहऱ्यावर काही खूण?"

"साहेब," ते अवघडून म्हणाले, "आमच्यात सून सासऱ्यापुढे तोंड उघडं ठेवत नाही. लाज काढते, म्हणजे पदर तोंडावर ओढते. मी कसं सांगू?"

"आवाज तरी?"

"माझ्यापुढे बोलत नाही ती."

"घरात येऊन किती वर्षं झाली?"

"तीन-चार झाली असतील." मग आठवून म्हणाले, "बाजरीची भाकरी चांगली करते."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी माठाकडे पाहिले. तक्रारीत वर्णनापुढे एवढेच आले की लाल लुगडे, चेहरा झाकलेला. आणि नावेतल्या तिन्ही सुना लाल लुगड्यांत, चेहरे झाकून बसलेल्या होत्या. येताना एक कमी आहे हे पुरुषांना कळले नाही, यात मला तरी नवल वाटले नाही. पाहायचेच नाही असा ज्यांचा नेम, त्यांना कमीजास्त काय दिसणार?

नावाड्याला आणले. डोहात गळ टाकले, काही लागले नाही. गावात बोलणे सुरू झाले की त्याची नाव जाळा. फौजदारसाहेबांनी त्याला कोठडीत ठेवले, ते एका अर्थी त्याच्याच रक्षणासाठी. पण प्रेत सापडले असते तर म्हातारा खुनात अडकला असता, आणि आपल्या जबाबाने तो स्वतःचाच फास आवळत होता.

"बेटाच्या मागच्या बाजूला पाणी किती?" साहेबांनी विचारले.

"अथांग शे, साहेब. बांबू टेकत नही."

"म्हणजे भाकरी खाऊन बायका तिकडे हात धुवायला गेल्या, ही घसरली आणि बुडाली."

"बुडनी नही, साहेब."

"तुला काय ठाऊक?"

"नही बुडनी."

"मग अथांग पाण्यावरून चालत गेली का?"

यावर तो भिंतीकडे तोंड करून बसला. "मी तिले हात बी लावा नही," एवढेच पुन्हा पुन्हा. दमदाटी झाली, गोड बोलून झाले, उपयोग नाही. घाबरलेली माणसे मी पुष्कळ पाहिली होती. हा घाबरलेला होता, पण गुन्हेगारासारखा नव्हे. दुकानदाराच्या वजनमापाची तपासणी व्हायला लागली की तो जसा घाबरतो, तसा. पण नावाड्याच्या मापात काय खोट असणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात येईना.

फौजदारसाहेब म्हणाले, "बाई, त्यांच्या स्वयंपाकघरात आमच्यातला कोणी जाऊ शकत नाही. तो तपास तुमचा."

मी गेले. घरात सासऱ्यांची म्हातारी आत्या आणि दोन थोरल्या सुना होत्या. तिघींनीही डोळ्याला पदर लावला. पण डोळे कोरडे होते, आणि अंगणात खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेले होते. ज्या घरातले माणूस बुडाले असे वाटते त्या घरात त्या दिवशी बिबडे घालत नाहीत. मी तसे बोलले नाही. खाटेजवळ बसले आणि कावळे हाकत म्हटले, "तो नावाडी आता काही सुटत नाही बिचारा."

थोरल्या सुनेचा हात थबकला. "नावाडी? त्याले कसाले धरं?"

"मग कोणाला धरतील? कोठडीत आहे. गाव नाव जाळायला निघालंय."

तिला हे माहीतच नव्हते. बाहेरच्या ओट्यावरच्या गोष्टी आत पोचायला वेळ लागतो. तिने आत्याकडे पाहिले. आत्याने होकारार्थी मान हलवली. मग थोरली हळूच म्हणाली, "धाकलीनी माय लई बिमार शे. दोनदा निरोप वना. मामंजीनी दोन्ही वखत दारवरतून परत धाडा. लगीनमा मानपान नीट झाया नही, तवयपासून राग शे. आमी आनखी काय सांगूत, बाई? तुमी नदीवर जाई या." माहेरच्या गावाचे नाव आत्याने सांगितले; ते नदीपलीकडे, नावेशिवाय जायचे तर लांबचा वळसा, म्हणून तिकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते.

परत येताना आठवड्याचा बाजार लागला. वाडीवाली एक म्हातारी टरबुजांच्या ढिगापाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देत होती. मी विचारले काय झाले.

"कोनी तरी मन्ही वाडी तुडाई टाकी! येल मोडी टाकात."

"चोर असेल."

"चोर ऱ्हाता ते डांगर लई जाता ना! हाई ते नुसतीच चालनी गई. सरळ. जशी काय तिन्हा बापनी सडक शे."

"बाई होती हे कशावरून?"

"पाय धाकला, आन बोटमा जोडवा. मी काय आंधळी शे?"

तिची वाडी मोठ्या बेटाच्या मागच्या उतरणीवर होती. पावले गेली होती पलीकडच्या काठाच्या दिशेने. परत आलेली नव्हती.

मी ठाण्यात येऊन फौजदारसाहेबांना म्हटले, "मला नावाड्याबरोबर यात्रा करायची आहे. दिवसभराची, जशी तो सगळ्यांना घडवतो तशी."

"आरोपीबरोबर सहल?" ते हसले. पण हवालदाराला बरोबर देऊन पाठवले.

ती सहल मी कधी विसरणार नाही. चैत्रातली सकाळ, पाण्यावर पाणकोंबड्या, झाऊतून येणारा गार वारा. म्हाताऱ्याला बेड्या नव्हत्या, हवालदार मागे बसला होता. सुरुवातीला तो मुकाट्याने बांबू टाकत होता. पण पहिला डोह आला आणि त्याला राहवेना. "हाई आठे मगर व्हती..." हळूहळू सगळे सुरू झाले. ऋषी झाला, खडक झाला. जिवावर बेतलेले असतानाही माणूस आपला धंदा कसा मनापासून करतो ते मी त्या दिवशी पाहिले. हवालदारसुद्धा तोंड उघडे टाकून ऐकत होता. मोठ्या बेटाजवळ म्हातारा पलीकडे हात करून म्हणाला, "आन ते चिंचेसनं बन दिसस ना, तठे..." त्याने एका गावाचे नाव घेतले आणि एकदम थांबला.

ते धाकट्या सुनेचे माहेर होते. आत्यानेच मला सांगितले होते. तीन-चार वर्षे जे गाव तिच्यापासून सात समुद्रापलीकडे होते, ते यानेच तिला हात करून दाखवले होते, इतके जवळ.

आम्ही बेटावर उतरलो. मी वाडीच्या कडेने मागच्या बाजूला गेले. पाणी हिरवे, संथ, रुंद. आमचा गणवेश म्हणजे साडीच होती. ओचा वर खोचला आणि पाण्यात पाय घातला.

"बाई! जाऊ नका तठे!" म्हातारा ओरडला. "बुडी जाशात!"

मी चालत राहिले. पाणी घोट्यापर्यंत आले. पिंढरीपर्यंत आले. मधोमध गुडघ्याला लागले. मग पुन्हा पिंढरी, घोटा, आणि मी पलीकडच्या वाळूत उभी राहिले.

मागे वळून पाहिले तर म्हातारा कपाळाला हात लावून वाळूत बसला होता. "मी काय करू, बाई? पानी गुडघाभर शे असं सांगं तर नावमा कोन बससी? दिनभर फिरीसन मी लोकेसले त्याच पानीमा परत लई येस."

खून अंगावर घेईन, पण नदी उथळ आहे म्हणणार नाही, असा त्याचा हट्ट. बेटामागे पायांचे ठसे त्यानेही पाहिले होते. सून पलीकडे गेली हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

चिंचांच्या बनामागे घर सापडायला वेळ लागला नाही. सून आईच्या उशाशी बसून वाटीतून पेज पाजत होती. माहेरची म्हणून चेहरा उघडा. बोलकी, ठेंगणी, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. मला पाहून उठली नाही.

"मी पळनू नही, बाई. मायले भेटाले वनू. चार दिनमा परत जाणार व्हतू."

"तुझ्यापायी एक माणूस कोठडीत आहे."

तिने वाटी खाली ठेवली. "कोन?"

मी सांगितले. तिने आईच्या तोंडावरून ओला हात फिरवला, उरलेली पेज पाजली, शेजारणीला बसवले आणि म्हणाली, "चला."

तिच्या मनाविरुद्ध तिला कोणी नेले नव्हते, तेव्हा गुन्हा काही उरला नव्हता. ठाण्यात तिचा जबाब झाला. आम्ही 'नदीच्या उतारातून पलीकडे गेली' एवढेच लिहिले, उतार कुठला ते लिहिले नाही. फौजदारसाहेब नावाड्याला सोडायला आत गेले. सासऱ्यांना निरोप गेला होता. ती माठांपाशी बसली होती, पदर खांद्यावर, जशी माहेराहून आली तशी.

सासरे भर उन्हातून आले. बाकावर बसले, पागोट्याच्या शेवाने घाम पुसला. मी बोलायला तोंड उघडणार तोच त्यांनी तिच्याकडे पाहून हात पुढे केला.

"पोरी, थोडं पानी दे वं."

तिने तांब्या विसळला, भरला, दिला. ते सगळे पाणी प्यायले.

"सुखी ऱ्हाय," ते म्हणाले. "कोनी पोर शे तू, कोना घरनी?"

तिचा हात पदराकडे गेला, आणि अर्ध्यात थांबला.

"तुम्हनाच घरनी शे, मामंजी."

तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला. मला वाटले, आता उठून जातील किंवा ओरडतील. ते तिच्याकडे पाहत राहिले, बहुधा पहिल्यांदाच. मग त्यांनी विचारले, "माय कशी शे?"

"पेज पेस आते."

"ऱ्हाय मंग तठे. बरी झायी का मी गाडी धाडसू." मग फौजदारसाहेबांना म्हणाले, "साहेब, तक्रार मागे घेतो." आणि तांब्या पुन्हा पालथा घालून ते बाहेर गेले.

तिला परत पोचवायला नावाडी पुढे झाला. मी म्हटले, "नावेतून?"

"मंग?" तो गंभीरपणे म्हणाला. "पानी अथांग शे, बाई."

मी त्यांना वाट करून दिली. त्या ठाण्यावर होते तोवर मी आणि हवालदाराने बेटामागच्या पाण्याविषयी तोंड उघडले नाही. पुढे मोटारी आल्या, यात्रेकरू रस्त्याने यायला लागले, नाव काठावर उलटी पडली. आता टरबुजेही ट्रकमधून येतात. पण ती सकाळ, झाऊतला वारा आणि म्हाताऱ्याची मगर मला जशीच्या तशी आठवते.

या केसने मला एक सवय लावली, ती निवृत्तीपर्यंत टिकली. घरातली बाई नापत्ता झाली म्हणून पुरुष माणूस ठाण्यात आला की आम्ही सगळे विचारतो, तिला शेवटचे कधी पाहिले? मी हा प्रश्न दुसरा विचारू लागले. पहिला असा: तिला तुम्ही कधी पाहिले आहे का?